ब्राइडीच्या गाण्याचं घर

तेरा पितळी सूर, त्यांच्यावर तेरा लाकडी झडपा, एक कातडी भाता, दोन बिजागऱ्या आणि डाव्या बाजूला एक बारीक भेग. मित्रांनो, माझ्यात मोजण्यासारखं एवढंच आहे. मी एक जुनी सूरपेटी. माझ्यावर गाणं वाजत नाही. भाता हलवला की ज्या झडपा उघड्या असतील तेवढेच सूर मी धरून ठेवते, आणि गाणारा त्यांच्या आधारानं गातो.

माझा जन्म मिरजेचा. माझ्या कारागिरानं एकेक सूर कानाशी धरून, कानशीनं हलकेच घासून जुळवला. पुढे नागपूरच्या सुनीतीबाईंनी मला घरी नेलं. सकाळी त्या माझ्याबरोबर गायला बसत आणि संध्याकाळी शिकवण्या घेत. ‘पेटी गोड आहे हो,’ असं पाहुणे आवर्जून म्हणत. मग घरात विजेचा तानपुरा आला. बटण दाबलं की झालं! मला जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटावर ठेवलं. मी रागावले नाही. पण भाता हलला नाही की कातडं ताठरतं, आणि पेटीला आपलं वय कळतं ते तेव्हाच.

२००६ साली सुनीतीबाईंची भाची आसावरी ध्वनिशास्त्राच्या संशोधनासाठी मँचेस्टरला निघाली. तेव्हा बाईंनी मला खाली काढलं.

“विजेचा तानपुरा तिकडे बिघडला तर कुणाकडे नेशील? ही ने. हिला काही लागत नाही. हात लागतो फक्त.”

मँचेस्टरला आसावरी आणि तिची मैत्रीण चैत्राली एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर राहत. पहिल्याच थंडीत चैत्रालीनं मला प्रेमानं रेडिएटरवर ठेवलं. “गरम राहील गं बिचारी!” माझी भेग त्या प्रेमाची आहे.

एका रविवारी आसावरी गात असताना दारावर टकटक झाली. खालच्या मजल्यावरच्या ब्राइडी कॉनीली उभ्या होत्या. वय सत्तरच्या पुढे, जन्म आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा, आणि सारं आयुष्य इथल्या इस्पितळात नर्स म्हणून गेलेलं. त्यांचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, मी ते माझ्या भाषेत सांगते.

“पाइप्स कोण वाजवतंय?”

“सॉरी हं, फार आवाज होतो का?” चैत्राली घाबरून म्हणाली.

“होतो. पण थांबवू नका, हे सांगायलाच वर आले.”

आयर्लंडच्या पाइप्समध्ये, त्या पिशवी-भात्याच्या वाद्यातही, चालीखाली असाच एक अखंड सूर असतो, असं त्यांनी सांगितलं. मग चहा झाला. चहावर त्यांनी आपल्या थोरल्या काकांची गोष्ट सांगितली. काका इंग्रजांच्या फौजेत शिपाई होते, जालंधरला. १९२० साली मायदेशातल्या अत्याचारांच्या बातम्या ऐकून तिथल्या आयरिश शिपायांनी शस्त्रं खाली ठेवली. त्यात काकाही होते. त्यांना कोठडीत टाकलं तेव्हा जूनचा उन्हाळा होता. “एक भिश्ती पहाऱ्याची नजर चुकवून त्यांना जास्तीचं पाणी द्यायचा. त्याचं नाव काकांना कधी कळलं नाही. पण आमच्या घरी जेवणाआधीच्या प्रार्थनेत त्याच्यासाठी एक ओळ असायची.”

आसावरीनं त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

मग ब्राइडींनी खरी गोष्ट काढली. त्यांचा भाऊ मार्टिन पंधरवड्यापूर्वी गेला होता. त्यांच्याकडे मृत्यूनंतर महिन्यानं चर्चमध्ये मास, म्हणजे मृतासाठीची प्रार्थनासभा, असते आणि मग सगळे एकत्र जमतात.

“आमच्याकडेही महिन्यानं मासिक असतं,” आसावरी म्हणाली.

“मग तुला कळेल. आईचं एक गाणं आम्ही दोघंच म्हणायचो. आता मी एकटी उरले. पण गळ्याच्या ऑपरेशननंतर माझा आवाज घसरतो. शेवटच्या कडव्यापर्यंत मी इतकी खाली जाते की तळाचा सूर लागतच नाही. गाणं अर्ध्यावर सोडण्यापेक्षा न म्हटलेलं बरं.”

आसावरीनं त्यांना गायला लावलं आणि लॅपटॉपवर सूर मोजला. पहिलं कडवं संपलं ते १९६ हर्ट्झवर, चौथं १८३ वर. तिथेच आवाज विझला.

“पेटीचा आधार घ्या,” ती म्हणाली. गाण्याच्या पहिल्याच सुराला तिनं षड्ज मानलं. तो सूर पांढरी दोनचा, म्हणजे हार्मोनियमच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा. तिनं ती झडप उघडली, जोडीला पंचमाची उघडली, आणि भाता हलवला. ब्राइडी दोन ओळी गायल्या आणि कपाळाला आठ्या घालून थांबल्या.

“पोरी, ही तुझी पेटी माझ्याशी भांडतेय.”

आसावरीनं पुन्हा तेच केलं. मी पुन्हा भांडले. माझा इलाज नव्हता.

“फाटकाला घर समजतेस तू,” ब्राइडी म्हणाल्या. “आमचं गाणं फाटकातनं आत येतं. घर पुढे आहे. कडवं जिथे टेकतं ते घर.”

आसावरी खळखळून हसली. “आणि मी ध्वनिशास्त्रात संशोधन करते म्हणे!” तिनं दोन्ही झडपा मिटून पांढरी पाच उघडली, आणि मी आणि ब्राइडी एका घरात आलो. त्यानंतर दोन आठवडे रोज संध्याकाळी आमचा रियाज चालला. किती वर्षांनी मला रोज हात लागला!

मासनंतर सगळे आयरिश क्लबमध्ये जमले. आसावरीनं मला टेबलावर ठेवलं, तेवढ्यात डेक्लन नावाचे एक म्हातारे गृहस्थ पुढे आले.

“ब्राइडी, हे गाणं कुणी वाद्याबरोबर म्हणतं का? तुझी आई ऐकेल तर थडग्यातनं उठून येईल.”

“येऊ दे. दुसरं कडवं तिलाच विचारून घेते.”

सगळे हसले. ब्राइडी मात्र आसावरीकडे वळून हळूच म्हणाल्या, “त्याचं खरं आहे. सूर दे आणि थांब.”

आसावरीचा चेहरा उतरला. भाता एकदाच भरून तिनं पांढरी पाच दिली आणि झडप मिटली. ब्राइडींनी हात पुढे केला. त्यांच्या गावाकडे गाणाऱ्याचा हात शेजारचा माणूस धरतो आणि गाण्याच्या ओघात सावकाश गोल फिरवतो, जात्याचा खुंटा फिरवावा तसा. माझा भाता हलवणारा हात आता ब्राइडींचा हात फिरवू लागला, त्याच संथ लयीत. मी गप्प होते. चौथं कडवं आलं. तळाचा सूर आला. डेक्लननी टोपी काढून छातीशी धरली.

मित्रांनो, मला त्या दिवशी कुणी वाजवलं ते एका श्वासापुरतं. तरी मिरजेच्या त्या कानशीचे, सुनीतीबाईंचे, आसावरीचे आणि ब्राइडींचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्या घरी कपाटावर माझ्यासारखं कुणी असेल तर त्याला फडक्यातून बाहेर काढा. उष्णतेजवळ ठेवू नका. आठवड्यातून एकदा तरी भाता हलवा. आणि शेजाऱ्यानं दार ठोठावलं तर आधी चहा ठेवा.

दुसऱ्या दिवशी आसावरीनं क्लबमधलं ध्वनिमुद्रण तपासलं. पहिल्या कडव्याचा शेवटचा सूर १९६.१ हर्ट्झ. चौथ्या कडव्याचा शेवटचा सूर १९५.८ हर्ट्झ.