कोरा उतार

बुरुलने काखेतून बॅटरी काढली, ओठांशी धरून तिच्यावर ऊन श्वास सोडला आणि कॅमेऱ्यात सरकवली. स्क्रीन उजळली, पांढरंशुभ्र काहीतरी दिसलं न दिसलं आणि विझलं.

"मेली?" शारकानने विचारलं.

"गारठलीय, वहिनी."

"मग आत चल ना. चूल पेटलेली आहे."

"आत नेला तर गार काचेवर पाणी धरेल. तासभर काही दिसायचं नाही."

तासभर हा शब्द अंगणात तसाच पडून राहिला. शारकानने बुरुलच्या हातातून बॅटरी घेतली, कोटाची बटणं सोडली आणि ती आत, थेट छातीशी धरली. "तू सकाळपासून बाहेर आहेस. तुझ्यात ऊब राहिलीय कुठं?"

वीज सकाळीच गेली होती. घरातला कंप्युटर मुका होता. दुसरी बॅटरी केव्हाच संपली होती. आज सूर्य उगवताना बुरुलने घेतलेले अकरा फोटो त्या कॅमेऱ्यातच होते, आणि ते गारठलेल्या अंगणातच पाहायला हवे होते.

कारण नऊच्या सुमाराला डोंगर सुटला होता. आधी आवाज आला, मग आभाळ पीठ झालं. हिमलोट वरच्या सुळक्यापाशी दुभंगून खाली आला. एक जीभ मोठ्या उताराच्या पलीकडच्या टोकावर पडली, दुसरी खिंडीत. आणि बुरुलचा थोरला भाऊ ओमोर उजाडायच्या आधीच तीन घोडे घेऊन वर गेला होता. हिवाळ्यात घोडे खुरांनी बर्फ उकरतात, तेव्हा कुठं खालचं गवत मागून येणाऱ्या मेंढ्यांच्या तोंडाला लागतं. कुरणाकडे दोनच वाटा. उतार, नाहीतर खिंड.

हिमलोटानंतर वारा उठला आणि त्याने दोन्हीकडच्या खुणा पुसून टाकल्या. गावातली माणसं उताराच्या टोकाला खणत होती. वीस हिवाळे ओमोर उतारानंच जात होता. दुसरीकडे बघायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

शेजारच्या परसात दोन म्हाताऱ्या येऊन बसल्या होत्या. त्यातली एक घशातल्या घशात सूर लावू लागली.

"खाला!" शारकान तिकडं न बघताच ओरडली. "माझ्या दारात आज कुणी रडगाणं धरायचं नाही. माणूस सापडलेला नाही अजून!"

सूर थांबला.

काठी टेकत, मिशांवर बर्फाचे मणी घेऊन गावाचे आजोबा सापार अता आले. त्यांच्या तारुण्यातल्या तीन हिमलोटांच्या गोष्टी गावाला पाठ होत्या. आज त्यांनी एकही काढली नाही.

"बुरुल, माणसं अकरा, फावडी सात," ते म्हणाले. "दोन्हीकडे पुरायची नाहीत. तू उजाडताना फोटो काढत होतीस म्हणे. खुरांची वाट दिसते का बघ. तो टोकाला नसेल, खिंडीत असेल, तर तिथं कपारीखाली जुना मेंढवाडा आहे. त्यात शिरला असेल तर श्वास असेल. पण लवकर सांग, पोरी."

"बघते, अता."

तिचा आवाज तिलाच परका वाटला.

काल चुलीपाशी ओमोर चरबीचा डबा घेऊन बसला होता, खोगिराच्या पट्ट्याला चोळत. नेहमीसारखा गुणगुणत.

पुढं जा रे घोड्या, बर्फाचं दार लोट,
मागं येती मेंढरं, त्यांचं रितं पोट.

"दादा," बुरुल म्हणाली होती, "उद्या ऊन पडणार आहे. आठ दिवसांनी असा ताजा बर्फ पडलाय. तेवढी एक सकाळ उतार मोकळा सोड ना."

"का? तुझ्या डोंगराला खूर टोचतात?"

"तुझे घोडे गेले की उतारावर देवी आल्यासारखे खड्डे पडतात. कॅलेंडरवाल्यांना स्वच्छ बर्फ हवा असतो. खिंडीनं जा. एकच दिवस."

"तुझ्या फोटोतल्या डोंगरावर कुणी राहतच नाही गं," तो हसला होता. "तुझी वहिनी इथं हवी होती. म्हणाली असती, मेंढ्या आता कॅलेंडर खाणार."

"जाशील ना?"

"घोड्यांना विचारून सांगतो."

हो नाही, नाही पण नाही. शारकान तेव्हा गोठ्याचं दार लावायला गेली होती. तिने यातलं काहीच ऐकलं नव्हतं.

नसेलच ऐकलं त्यानं माझं. बुरुल सकाळपासून हेच घोकत होती. कधी ऐकलंय माझं? टोपी घाल म्हटलं तर कानामागे अडकवतो. तो उतारानंच गेला असेल, आणि माणसं खणतायत तिथंच असेल.

"घे," शारकानने बॅटरी पुढे केली. तिच्या छातीची ऊब तिच्यावर होती.

स्क्रीन उजळली. शेवटी काढलेला फोटो आधी आला. पांढरा. दुसरा, तिसरा, पांढरे. बर्फ राखाडी दिसला की लोक त्याला मळका म्हणतात, म्हणून ती दरवेळी उजेड वाढवते. इतका वाढवते की घड्या, खाचा, सावल्या सगळं त्यात विरघळून जातं. त्या पांढऱ्यात घोडाच काय, अख्खं गाव हरवलं असतं.

ती मागे मागे जात राहिली. सगळ्यात आधीचा, उजेड न वाढवता कॅमेऱ्याच्या मर्जीवर घेतलेला फोटो. असा एक ती रोज घेते आणि संध्याकाळी पुसून टाकते. आजची संध्याकाळ अजून व्हायची होती.

राखाडी उतार. पण त्यात सगळं होतं. वाऱ्याने काढलेल्या रेघा, झुडपांची टोकं, एका कोल्ह्याची तिरपी टिंबं. तिने फोटो मोठा केला. डावीकडून उजवीकडे सरकली, मग पुन्हा उजवीकडून डावीकडे.

कोल्हा. वारा. झुडपं.

एकही खूर नव्हता.

इतका सुंदर उतार तिच्या कॅमेऱ्यात नऊ हिवाळ्यांत आला नव्हता. स्क्रीन विझली.

"काय दिसलं?" अतांनी विचारलं.

"खिंडीत आहे तो."

"खिंडीनं कशाला जाईल ओमोर? दुप्पट वाट पडते."

बुरुलने कॅमेऱ्याचा पट्टा मानेतून काढला. तो कुठं ठेवावा ते तिला कळेना. शेवटी तिने तो तसाच बर्फात ठेवला.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "मला उतार कोरा हवा होता. फोटोसाठी."

 शारकानच्या कोटाची बटणं अजून उघडीच होती. ती वळून गोठ्याकडे गेली, भिंतीला लावलेली दोन फावडी उचलली आणि एक बुरुलच्या हातात दिलं. दिलं म्हणजे हातावर आपटलं.

"अता, माणसांना खिंडीत बोलवा," ती म्हणाली.

"रस्त्यानं फिरून जा, पोरींनो. अर्धा तास लागेल, पण..."

बुरुल रस्त्याला लागली नाही. ती सरळ उतारावर उतरली.

"वरून अजून येईल!" अता ओरडले. "बुरुल!"

बर्फ आधी गुडघ्याला लागला, मग कमरेला. ती छातीने तो लोटत होती, फावडं आडवं धरून. एक पाऊल. मग दुसरं उपसून पुढे. नऊ वर्षं या उतारावर तिने स्वतःसुद्धा पाय ठेवला नव्हता. खिंडीचं तोंड समोर दिसत होतं आणि जवळ येत नव्हतं. धाप लागून ती थांबली.

तेव्हा तिला मागून श्वास ऐकू आला. शारकान तिच्याच पावलांच्या खड्ड्यांत पाय घालत येत होती.

"वहिनी, मी..."

"बोलू नकोस," शारकान म्हणाली. "पुढं हो."