कागदावर नसलेल्या म्हशी

भूम तालुक्यातल्या त्या वस्तीवर बहात्तरच्या दुष्काळात घरोघरी खव्याच्या भट्ट्या चालायच्या, आणि विचाराल त्याला त्यातलं काही म्हणून काही ठाऊक नसायचं. शहरांना दूध पुरेना म्हणून सरकारनं खव्यावर बंदी आणली होती. आता सरकारला बोलायला काय जातंय! दूध सोसायटीची गाडी थांबायची पार सडकेवर. तिथवर पोचेस्तोवर उन्हानं दूध नासायचं. मग बायामाणसांनी करावं काय? दूध आटवायचं आणि खव्याचे गोळे विकायला गुपचूप तात्यारावांच्या हवाली करायचे. हे तात्याराव म्हणजे त्याच दूध सोसायटीचे चेअरमन. हसू नका, असंच होतं.

मालनबाईचा नवरा वारून दोन वर्षं झाली होती. शेत नव्हतं. एक म्हैस होती, तिच्यावर बाईची चूल पेटायची. म्हशीला काही झालं असतं तर बाईला कुणी विचारणारं नव्हतं.

एके सकाळी तात्याराव दारात उभे राहिले. "धाराशिवहून साहेब आलाय. लोक काय कामधंदा करतात ते घरोघर विचारतोय. वस्तीवर कुनाकडंच म्हैस न्हाय, समजलं? जो तोंड उघडील, त्याची कढई सरकारच्या आधी म्या उचलीन."

मालनबाई म्हैस ओढ्यात लपवून आली. पण भट्टीवर दूध आधीच चढवलेलं होतं, आणि खवा धरायला लागला की हात थांबवता येत नाही, उलथनं फिरतंच ठेवावं लागतं. नेमकी त्याच वेळी कडी वाजली. तिनं कढई तशीच सोडली, मागचं दार लोटलं आणि पुढं आली. दारात चष्मेवाला, घामाघूम झालेला पोरगेला साहेब होता. त्यानं पाणी मागितलं. तिनं तांब्या दिला.

"बाई, काहीतरी करपतंय."

"भाकर हाये, साहेब."

"भाकरीला दुधाचा वास येतो व्हय?"

मालनबाईला वाटलं, झालं! आता हा आत घुसणार, भट्टी मोडणार, आपल्याला बेड्या घालून सगळ्या वस्तीतनं नेणार! पण साहेब जागचा हलला नाही. उलट हळूच म्हणाला, "मी धाड घालायला आलो नाही. सरकारदरबारी नोंद नसलेले कितीतरी धंदे लोक करतात, त्यावर किती जण जगतात, तेवढंच आम्हाला मोजायचंय. नाव मी कुणाला सांगत नाही. उद्या चारा वाटायची वेळ आली, तर कुठं किती जनावरं आहेत हे कळायला नको का?"

बोलणं तिला पटत होतं. खरं काय ते ओठांवर आलंही होतं. पण समोर राहणाऱ्या धुरपदाबाईच्या ओट्यावर तात्याराव अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते आणि त्यांची नजर हलत नव्हती.

"म्हैस न्हाय, साहेब," ती म्हणाली. "म्या खडी फोडाय जाते."

त्यानं तसंच लिहून घेतलं. आत कढई काळी ठिक्कर पडली होती.

शिमगा गेला आणि चाऱ्याची काडी दिसेनाशी झाली. शेजारच्या गावाला चारा डेपो मिळाला, ह्या वस्तीला मिळाला नाही. का? तर कागदावर ह्या वस्तीत दुभतं जनावरच नाही! लोकांनी कपाळावर हात मारून घेतला. तात्यारावांनी आपल्या म्हशी केव्हाच सासुरवाडीच्या गुरांच्या छावणीत हलवल्या होत्या. मालनबाई छपराचं गवत उपसून म्हशीपुढं टाकत होती. ते संपलं, म्हशीच्या बरगड्या वर आल्या, दूध आटलं. रात्ररात्र तिला झोप येईना. म्हैस उठती का न्हाय, एवढंच बघत पडायची.

आणि एक दिवस तोच साहेब फेरतपासणीला आला. चावडीपुढं माणसं जमली. तात्याराव खुर्चीवर बसून सांगत होते, "पहिलं लिवलंय तेच बरोबर हाये, साहेब."

तेवढ्यात मालनबाई भर उन्हात दावं धरून चालत आली. मागं म्हैस, पाय ओढत. तिनं म्हैस थेट साहेबापुढं उभी केली.

"ही माझी हाये. लिवा. म्या खवा करत होते, त्येबी लिवा. काय शिक्षा करायची ती करा, पर हिला चारा द्या."

साहेबानं तिच्याकडं पाहिलं, लिहिलं, आणि चष्मा काढून पुसला.

"बाई, शिक्षा करणारा मी नव्हे. पण एका म्हशीसाठी डेपो उघडत नाहीत हो. अजून कुणाची आहे का?"

मालनबाई गर्रकन वळली. "धुरपदाबाई! बोल की गं! तुझ्या दोन हायेत. काल तूच रडत हुतीस की माझ्यापाशी!"

धुरपदाबाईनं तात्यारावांकडं पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. तिनं पदर तोंडाशी धरला.

"माझ्याकडं न्हाय म्हैस," ती म्हणाली. "आन् मालनबाई खवा करती, हे मला आजच कळतंय."