मुकी ग्रामसभा

माझं डोकं लवकर तापतं हे साऱ्या खारेवाडीला ठाऊक आहे. त्यामुळे त्या दिवशी सकाळी सहापासून मी कुणाशीच धड बोलत नव्हते, तरी कुणी मनावर घेतलं नाही. मार्च संपायला एकच दिवस उरला होता. इंदापूरहून गटविकास अधिकारी वृषाली मॅडम आमचं पक्षी माहिती केंद्र बघायला येणार होत्या. त्यांचा पाहणीचा शेरा आणि गावाचा हिस्सा द्यायचा ग्रामसभेचा ठराव, हे दोन कागद संध्याकाळपर्यंत पुण्याला पोचले तर जिल्ह्याचा निधी मंजूर. नाही पोचले तर निधी परत, आणि केंद्राला टाळं.

केंद्र म्हणजे उजनीच्या बॅकवॉटरच्या काठावर कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यासाठी कधीकाळी बांधलेली खोली. वर पत्रा. आत मी पुठ्ठ्यांवर रंगवलेली पक्ष्यांची चित्रं, एक अभिप्रायाची वही, आणि बाहेर तीन पायांवर उभी केलेली एक दुर्बीण. सात वर्षं ते सगळं मी सांभाळते आहे. हिवाळ्यात फ्लेमिंगो आले की पुण्यापासून सोलापूरपर्यंतची माणसं येतात, आणि मी घसा बसेपर्यंत बोलते.

दोन वर्षांपूर्वी बारामतीच्या एका शाळेतल्या चाळीस मुली आल्या होत्या. चार तास थांबल्या. आमच्याकडे संडास नाही, आडोसा नाही, सगळीकडे उघडं माळरान. त्यांच्या बाई मला तोंडावर काही बोलल्या नाहीत. वहीत मात्र लिहून गेल्या, ‘पक्षी सुंदर. मुलींचे फार हाल झाले.’ ती शाळा पुन्हा आली नाही. ते पान मी फाडलं नाही, उलट निधीच्या अर्जाला त्याचीच झेरॉक्स जोडली.

आता पक्की इमारत होणार होती, बायकांसाठी वेगळे संडास, म्हाताऱ्यांना चढायला पायऱ्यांऐवजी सोपा उतार, आणि भिंतभर माहिती. आदल्या दिवशीच्या महिला सभेनं संडासाचा शब्द ऐकताच ठराव उचलून धरला होता. अडून बसले होते ते रामहरीतात्या. ते एकेकाळी उपसरपंच होते, आणि त्यांना हायवेच्या फाट्यावर गावाची कमान हवी होती.

“गावाला कमान न्हाय, आन् बगळ्यांना बंगला?” ते पारावर बसून विचारायचे. त्यावर दहा माणसं तरी हसायची. ग्रामसभेत बोलायला त्यांनी चार पानांचं भाषण लिहून आणलं होतं.

मला मात्र तात्यांपेक्षा स्वागताची धास्ती जास्त होती. आमच्याकडे साहेब येणार म्हटलं की वेशीवर हलगी लागते, दहा हजारांची माळ लागते, जेसीबीतून फुलं उधळावी लागतात. पाहुणा गुपचूप आला तर तो तेराव्याला आल्यासारखा वाटतो, असं लोकांचं म्हणणं. म्हणून चार दिवस मी घरोघर फिरले. हात जोडले, जिथं हात जोडून भागलं नाही तिथं भांडले. हलगी नको, फटाके नकोत, पाखरं उडतील. सगळ्यांनी माना डोलावल्या.

एका घरात मात्र मी गेले नाही, कारण ते माझंच होतं. माझे अब्बा, बाबूलाल मंडपवाले. पंचक्रोशीतली निम्मी लग्नं त्यांच्या मंडपात लागलेली. माझ्या कामाला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही, पण सात वर्षांत एकदाही दुर्बिणीला डोळा लावला नाही. “पाखरं ती पाखरं. त्यात बघायचं काय?” असं म्हणून ते पान जुळवायला घ्यायचे. मला त्याचा राग यायचा. खरं सांगायचं तर राग कमी यायचा, वाईट जास्त वाटायचं.

त्या सकाळी अब्बांनी केंद्रासमोर मंडप घातला होता, तोही फुकट. ग्रामसभा तिथंच होती. लोणी देवकरच्या कारखान्यात जाणाऱ्या पोरांनी पाळी बदलून घेतली होती. पोह्यांची पातेली आली होती. आणि समोर, उथळ गाळाच्या पाण्यात, चारशेवर फ्लेमिंगो उभे होते. इतके जवळ ते त्या वर्षी पहिल्यांदाच आले होते. मी मोजत होते आणि मोजता मोजता मला हसू फुटत होतं. आज जमणार, नक्की जमणार, असं मी स्वतःलाच मोठ्यानं सांगितलं.

साडेआठला फाट्यावर जीप दिसली. आणि वेशीवर हलगी कडाडली.

एक नाही, चार हलग्या. मागोमाग माळ लागली. आधी एक, तिच्या आवाजात दुसरी. समोरच्या पाण्यावर चारशे माना एकदम वर झाल्या, सगळा थवा धावत सुटला आणि उठला. पंखाखालचा लाल-काळा रंग क्षणभर आभाळात दिसला. मग ते पलीकडच्या, करमाळ्याच्या काठाकडे गेले. पाण्यात उरला लांब पायांचा एक शेकाट्या पक्षी. तोही जरा विचार करून गेला.

मी वेशीपर्यंत पळत गेले. कळंबहून आलेली हलगीवाली मंडळी घामाघूम होऊन नाचत होती, आणि मधोमध हातात काडेपेटी घेऊन उभे होते माझे अब्बा. चेहरा नुसता फुललेला.

“कसं काय, सबे? लेकीच्या कामाला सायब येणार आन् बाबूलालच्या वेशीवर आवाज न्हाय? लोक थुकतील मला. म्हनून तर पाण्यापास्नं लांब, हितं वाजवलं.”

“अब्बा,” मी म्हणाले, “तुमी माझं घर जाळलंत.”

हे बोलायला नको होतं. त्यांनी पाण्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. काडेपेटी खिशात गेली.

वृषाली मॅडम काठावर आल्या तेव्हा त्यांच्या केसांत झेंडूच्या पाकळ्या होत्या. त्यांनी पाण्याकडं पाहिलं, हातातल्या अर्जावरच्या फोटोकडं पाहिलं.

“सबिना, फोटोतले पक्षी कुठं आहेत?”

मी करमाळ्याच्या काठाकडं बोट दाखवलं. रामहरीतात्यांनी लगेच तोंड घातलं. “मॅडम, पाखरांचं काय, आज हाय उद्या न्हाय. कमान कशी, एकदा हुबी केली की कायम हुबी.”

तेवढ्यात सरपंच पुढं झाल्या. पुतळाबाई साठीच्या, सडपातळ, बोलणं मोजकं. त्यांनी मॅडमना जयभीम घातला आणि सरळ सांगून टाकलं, “मॅडम, चूक गावाची हाय. तुमचा मान राखाया गेलो आन् पाखरांचा मान ठिवला न्हाय.” मग माझ्याकडं वळल्या. “परत येत्यात का गं?”

“येतील,” मी म्हणाले. “गाळ आपल्या काठाला आहे, त्यांचं खाणं इथंच. पण टाचणी पडल्याचाही आवाज व्हायला नको, आणि किती वेळ लागेल ते त्यांनाच माहीत.”

मॅडमनी घड्याळ पाहिलं. “अकराला मला निघावंच लागेल. मार्च एंड आहे, ऑफिसात माणसं खोळंबलीत. पक्षीच दिसले नाहीत तर मी पाहणीत लिहू तरी काय?”

पुतळाबाई मंडपाकडं वळल्या. अडीचशे माणसं होती. “समदे खाली बसा. अकरापत्तुर कुनी बोलायचं न्हाय. जो तोंड उघडंल त्यानं नव्या केंद्राचा संडास वरीसभर धुवायचा. सरपंच सांगतीय.”

कुणीतरी हसलं आणि लगेच तोंडावर हात दाबला. फोन गोळा झाले, पोह्याच्या रिकाम्या पातेल्यात बंद करून त्यावर झाकण पडलं. हलगीवाल्यांनी हलग्या मांडीवर घेऊन वर टॉवेल टाकले. अब्बांनी न सांगता स्पीकरच्या वायरी उपटल्या आणि मंडपाची काठाकडची कनात खाली सोडली, फक्त वीतभर फट ठेवून.

आणि खारेवाडी गप्प झाली.

मी या गावात जन्मले, पण असं गाव कधी ऐकलं नव्हतं. लाटेचं पाणी गाळात शिरताना बुडबुड करतं, हे पहिल्यांदा कळलं. साडेनऊ झाले. दहा झाले. एका म्हाताऱ्याला शिंक आली तर शेजारच्या दोघांनी त्याला उपरण्यात गुंडाळला. रामहरीतात्या भाषणाची चार पानं मांडीवर ठेवून ओठ हलवत होते, पण आवाज नव्हता. सात वर्षं एका तासावर येऊन टेकली होती.

अब्बा कुठं दिसेनात. पाहिलं तर ते कनातीच्या टोकाला दुर्बिणीशी उभे होते. आधी तिच्याभोवती फिरले, मंडपाचा खांब तपासावा तशी तिची तिवई हलवून पाहिली. मग वाकले आणि डोळा लावला. मी बघते आहे हे त्यांना कळू नये म्हणून मी तोंड फिरवलं.

दहा पस्तीसला त्यांनी हात मागे करून बोटं नाचवली. तीन.

तीन फ्लेमिंगो आले, गाळाच्या टोकाला उतरले, माना वर करून उभे राहिले. मग अकरा. मग एक लांबच लांब रांग पाण्याला चाटून आली, आणि तिच्यामागं दुसरी. मंडपात अडीचशे माणसांनी श्वास धरला. बायकांनी एकमेकींचे हात इतके आवळले की बांगड्या पिचल्या असत्या. पुतळाबाईंनी पदर तोंडात कोंबला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला ओरडावंसं वाटत होतं, नाचावंसं वाटत होतं, अब्बांची ती माळ स्वतः पेटवावीशी वाटत होती! मी मुठी आवळून जागच्या जागी उड्या मारल्या, टाचा न टेकवता.

मॅडमच्या केसांत पाकळ्या तशाच होत्या. त्यांनी कनातीच्या फटीतून बराच वेळ पाहिलं. मग फाईल गुडघ्यावर घेऊन लिहायला लागल्या. पाहणीचं काम झालं होतं.

पण दहा पन्नास झाले होते आणि ठराव बाकी होता. आमची ग्रामसेविका मोनाली इतिवृत्ताची वही छातीशी धरून रडकुंडीला आली होती. ठराव वाचून दाखवायचा कसा? पक्षी चाळीस पावलांवर चरत होते.

मी आत जाऊन माझा एक पुठ्ठा आणला. एका बाजूला चित्रबलाक होता, मागची बाजू कोरी. मोनालीनं मार्करनं ठळक अक्षरात लिहिलं: ‘पक्षी केंद्राला गावाचा हिस्सा देणे. मंजूर असल्यास हात वर करा.’ मग ती वाकून, दबक्या पावलांनी, रांगारांगांतून पुठ्ठा घेऊन फिरली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना शेजारच्यानं संडासाची खूण करून सांगितलं. हात वर व्हायला लागले. हिरव्या बांगड्यांचे, ग्रीस लागलेले, थरथरते. सगळे सावकाश वर गेले आणि वरच राहिले.

आता रिवाज उरला. मोनालीनं खाली लिहिलं: ‘विरोध असल्यास उभे राहून कारण सांगावे.’

अडीचशे डोक्यांनी रामहरीतात्यांकडं पाहिलं.

तात्यांनी चार पानं हातात घेतली. अर्धे उठले. गुडघा कडकन वाजला आणि सगळ्यात जवळच्या फ्लेमिंगोनं मान वर केली. तात्या तसेच थांबले, धड उभे नाहीत, धड बसलेले नाहीत. फटीतून त्यांनी त्या पक्ष्याकडं पाहिलं, पक्ष्यानं इकडं. त्यांचं तोंड उघडलं. वीस वर्षांत ज्या माणसाला ग्रामसभेत कुणी गप्प करू शकलं नव्हतं, त्यानं ते तोंड हळूहळू मिटलं. खाली बसले, पानांची घडी घातली आणि हात वर केला.

मोनालीनं हात मोजले. मग माझ्याकडं पाहून एक बोट दाखवलं. एक कमी होता.

अब्बा. ते अजून दुर्बिणीला डोळा लावून होते. मी मागून जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला आणि पुठ्ठा दाखवला. त्यांनी तो पाहिलाच नाही. डोळा न काढता उजवा हात वर केला. “कशालाबी व्हय म्हन,” ते कुजबुजले. मोनालीनं वहीत लिहिलं, ‘सर्वानुमते मंजूर.’

मॅडमनी दोन्ही कागद घेतले. जीप सुरू केली तर आवाज होईल, म्हणून आमच्या दहा-बारा पोरांनी ती ढकलत वेशीपर्यंत नेली. मॅडम मागून चालत गेल्या, चपला हातात घेऊन.

मी तिथंच उभी होते. अब्बांनी खिशातून काडेपेटी काढली, मागं न बघता माझ्या हातात ठेवली आणि माझी मूठ मिटली.

“सबे,” ते अगदी हळू म्हणाले, “ही चोच उलटी करून का खात्यात गं?”

सात वर्षं मी हजारो माणसांना हे सांगितलं होतं. अब्बांनी एकदा तरी विचारावं, एवढीच वाट बघत होते.

“नवं केंद्र झालं की भिंतीवर लिहिणार आहे,” मी म्हणाले. “तिकीट काढून वाचा.”

“ते वाचीन. आता तोंडानं सांग.”

मी त्यांच्या कानाशी वाकले आणि सांगायला लागले.