सोळाच्या पुढे

जेवणाच्या टेबलावर उघडून ठेवलेल्या कॉम्प्युटरमधून त्याने मेमरीची जादा पट्टी काढली, वर्तमानपत्रावर ठेवली आणि बटण दाबलं.

समोर त्याची ताई नवऱ्याचे शर्ट घड्या घालून खोक्यात भरत होती. भावजींना जाऊन महिना झाला होता. तिला रडू येत नव्हतं आणि येत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

भावजींनी चाळीस वर्षं लेथ चालवला. निवृत्त झाल्यावर स्क्रूचे आटे पाडण्यावर पुस्तक लिहायला बसले. लिहायचा कॉम्प्युटर जुनाट, पण बदलू देतील तर शपथ. केसाएवढा फरक बोटाने ओळखणारा हा माणूस. पण तीन वर्षांपूर्वी पडद्यावर त्यांच्याच वाक्यांची सरमिसळ व्हायला लागली. आटे पाडायच्या कृतीत मध्येच तेलाचा तक्ता. “हे मी असं लिहिलेलं नाही,” म्हणायचे आणि घाबरून बंद करायचे. घरच्यांनी एकमेकांकडे बघितलं, डॉक्टरांनी विसरभोळेपणाच्या गोळ्या दिल्या. मग ते दिवसभर पेंगायचे आणि पुस्तक तिथेच राहिलं. ताईला ते हवं होतं, निदान शुद्धीत लिहिलं असेल तेवढं.

जिथून सरमिसळ दिसायची, ते चाळिसावं पान त्याने उघडलं. मग एक्केचाळीस, बेचाळीस. शेवटपर्यंत गेला. काना-मात्रेची चूक नव्हती.

“मिळालं काही?”

“सगळंच मिळालं. नीट आहे.”

“तू दुरुस्त केलंस?”

“नाही ताई. त्यांनी लिहिलंच नीट होतं.”

तिच्या हातातला शर्ट अर्धवट घडीतच राहिला.

“मग ते दिसायचं ते काय होतं?”

त्याने डिस्क जोडलेल्या कार्डावर बोट ठेवलं. “हे जुन्या वळणाचं आहे. प्रोसेसरला विचारत बसत नाही, डिस्कवरचा मजकूर स्वतःच नेऊन मेमरीत टाकतं. पण त्याला मेमरीचे सोळाच खण मोजता येतात. सतराव्यात ठेव म्हटलं, की पहिल्यात नेऊन कोंबतं. डिस्कवर सगळं बरोबर होतं. पडद्यावर येताना बिघडायचं.”

“आणि सतरावा खण कुठून आला?”

“मी बसवला. ही जादा पट्टी, तीन वर्षांपूर्वी त्यांच्या वाढदिवसाला. मशीन जलद चालावं म्हणून.”

तीस वर्षं दुनियेची मशीनं उघडत आला होता. घरच्या मशीनमध्ये कोणतं कार्ड आहे, हे न बघताच त्याने झाकण लावलं होतं. याची लाज वाटायला हवी, हे त्याला समजत होतं. वाटत मात्र काहीच नव्हतं. ताई चिडली असती तर बरं झालं असतं.

“मशीनमध्ये बिघाड आहे का, असं त्यांनी तुला कधी विचारलं होतं?”

नाही म्हणता आलं असतं. खोटं पाडायला आता कोण येणार होतं?

“दोनदा. मी म्हटलं, मशीनला काय धाड भरलीय, भावजी, आता तुमचंच वय झालं.”

ताईने मान हलवली.

“मला रोज विचारायचे,” ती म्हणाली.

मग तिने खुर्ची पडद्यासमोर ओढली आणि चाळिसावं पान वाचायला घेतलं. आट्यांमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, तरी एकेका ओळीवर बोट ठेवून ती वाचत राहिली.