दापोडीतलं ल्हासा

बाबांचा शेवटचा रविवार चांगला गेला. सकाळी त्यांनी मटण आणलं, आणताना खाटकाशी भांडले, आणि रस्सा चुलीवरून उतरेपर्यंत दोनदा चव बघून दोन्ही वेळा म्हणाले, "मीठ कमी आहे." मीठ बरोबर होतं. मला स्वयंपाकघरात एकटीला ठेवायचं नाही, एवढाच त्यांचा हेतू असायचा. पण तसं सरळ म्हणणं आमच्या घरात कोणालाच जमत नव्हतं.

जेवून ते कादरभाईंच्या सायकलच्या दुकानाकडे निघाले. बोळ ओलांडला की दुकान, आमच्या ओट्याच्या अगदी समोर. बोळाच्या एका टोकाला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या टोकाला मुंबईचा रस्ता, आणि मधोमध, दर रविवारी दुपारी, ल्हासा.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाबा लष्करात नालबंद होते. खेचरांच्या खुरांना नाल ठोकायचे. त्यांची तुकडी हिमालयात कलिंपोंगला होती, आणि तिथून खेचरांचे तांडे बर्फाच्या खिंडी ओलांडून तिबेटात, ल्हासाला जायचे. तांडे जायचे, बाबा नव्हे. लढाई संपल्यावर ते दापोडीच्या वर्कशॉपात लागले आणि कितीतरी वर्षं फक्त कलिंपोंगच्या गोष्टी सांगत राहिले. आई गेली त्या हिवाळ्यात, एका रविवारी, कोणाला न विचारता ते कलिंपोंगच्या पुढे सरकले.

"मग शेवटची खिंड ओलांडली," त्या दिवशी बाहेरून त्यांचा आवाज आला, "आणि खाली बघतो तर ल्हासा! देवळांना सोन्याची छपरं. रस्त्याच्या दोन्ही बाजूला नारळ."

मी दूध तापवत होते. खडकीला मुलींच्या शाळेत मी इतिहास-भूगोल शिकवायची. बाहेर जाऊन एक वाक्य बोलले असते तर ल्हासा तिथंच संपलं असतं. मी दूध उतरवलं. पुढच्या शनिवारी पुण्याच्या लायब्ररीतून तिबेटचं एक इंग्रजी प्रवासवर्णन आणलं आणि दिवेलागणीनंतर, "मोठ्यानं वाचलं की डोळ्यांना त्रास होत नाही," असं अगदी निरर्थक कारण सांगून मराठी करत करत वाचायला लागले. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपले की ते घोरायचे. त्या दिवशी घोरले नाहीत.

नारळ आठवडाभरात नाहीसे झाले.

"बारा हजार फुटांवर कुठला आलाय नारळ?" त्यांनीच भैरूला दरडावलं. भैरू त्यांच्याच वर्कशॉपात लोहारकामाला होता, आणि बाबांवर अविश्वास दाखवल्याशिवाय त्याचा रविवार सुना जायचा.

"अरे, पण तूच तर म्हणालास..."

"ते येतानाचं, कलकत्त्याचं. ऐकताना लक्ष कुठं असतं तुझं?"

असं आमचं सुरू झालं. मी वाचायची, बाबा भिंतीकडे बघत ऐकायचे, आणि रविवारी ल्हासाची थोडी दुरुस्ती व्हायची. पाणी लवकर उकळतं पण पुरेसं तापत नाही, म्हणून डाळ शिजत नाही, हे आलं. चामड्याच्या होडीतून नदी ओलांडणं आलं. तिथं काश्मिरी मुसलमानांची जुनी वस्ती आहे, मशीद आहे, हे आलं तेव्हा कादरभाईंनी हातातलं पंक्चर अर्धवट टाकून सगळ्यांना चहा पाजला. अडचण एकदाच आली. बाबांच्या ल्हासात सगळे लोक पहाटे नदीवर अंघोळ करायचे, आणि आमच्या अंबूआत्याला, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीला, ते फार पसंत होतं. मी वाचलं की थंडीमुळे तिथले लोक फारशी अंघोळ करत नाहीत.

भिंतीकडून आवाज आला, "अजिबात नाही?"

"शरदात काही दिवस करतात म्हणे."

"पुस्तकं जरा बघून आणत जा."

पण रविवारी त्यांनी ते मान्य केलं. आत्या महिनाभर ल्हासावर रुसली.

एकदा तर मी पुस्तकात नसलेलंच वाचलं. मोठ्या देवळामागं एक चढाची गल्ली आहे, आणि तिथं एक म्हातारी दमलेल्या वाटसरूला आधी पायरीवर बसवते, धाप थांबली की मगच अक्रोड विकते. माझं मलाच हसू येत होतं. रविवारी बाबा म्हणाले, "त्या म्हातारीनं मला बसवलं आणि विचारलं, कोण गाव? म्हटलं, दापोडी. म्हणाली, लांब आहे!" मला पुस्तक तोंडापुढं धरावं लागलं.

प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ते ओट्याकडे हात करायचे. "विचारा आमच्या इंदूला. ती वाचलेली आहे."

मी म्हणायची, "पुस्तकात असंच आहे." म्हातारीचा रविवार सोडला तर त्यात खोटं काही नव्हतं. बाबांचं तेवढ्यानं भागायचं नाही. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहायचे, आणखी काही येतंय का म्हणून. मी मान खाली घालून पेपर तपासायची.

तर त्या शेवटच्या रविवारी भैरूनं डाव टाकला. तो एका माणसाला घेऊन आला. ताठ पाठ, तेल लावलेल्या मिशा.

"ज्योतीराम," भैरू म्हणाला, "हे चिमाजीराव. निघोज्याचे. पलटणीतनं तिबेटात राहून आलेत. ल्हासा बघितलंय त्यांनी. हं, आता बोल."

कादरभाईंनी पंप खाली ठेवला. मी लाल पेन्सिल खाली ठेवली.

"वा!" बाबा म्हणाले. "म्हणजे आपण गाववालेच की. बसा, राव."

चिमाजी बसले नाहीत. "ल्हासात शिरताना," त्यांनी विचारलं, "डाव्या अंगाला काय लागतं?"

पुस्तकात त्या वेशीचं पानभर वर्णन होतं. कंटाळवाणं वाटलं म्हणून मी ते वाचताना गाळलं होतं. बाबांनी विडी पेटवली. काडी विझवली. नीट बघून गटारात टाकली.

"डावीकडचं तुम्हीच सांगा," ते म्हणाले. "शिरताना मी उजवीकडं बघत होतो."

कादरभाई खो खो हसले. भैरू ओरडला, "मग उजवीकडं काय होतं ते सांग!"

"ते चिमाजीरावांना विचार. तेही त्याच रस्त्यानं शिरले असतील."

चिमाजींनी एका सायकलची घंटी वाजवून बघितली. मग ती पुन्हा वाजवली. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "उजवीकडं... गर्दी होती."

"काय पण गर्दी!" बाबांनी मांडीवर थाप मारली.

माझ्या ध्यानात आलं, बाबांच्या तर माझ्याही आधी आलं असणार, की चिमाजीरावांची पलटण वाटेवरच्या कुठल्या तरी ठाण्यावर राहिली होती आणि ल्हासा त्यांनीही बघितलं नव्हतं. त्यानंतर दोघं गळ्यात गळा घालून अख्खं शहर फिरले. एकानं देऊळ काढलं की दुसरा त्याला पायऱ्या लावायचा. चिमाजी म्हणाले, राजवाडा तेरा मजली. बाबा म्हणाले, वरच्या मजल्यावर वारा फार. चहा झाला, दुसऱ्यांदा चहा झाला.

भैरू कपाळ धरून बसला होता. "एक होता तोच बरा होता," तो म्हणाला.

संध्याकाळी बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "त्या वेशीचं काही आहे का गं तुझ्या पुस्तकात?"

"आहे."

"उद्या वाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाळीचा भोंगा होत असताना, बाबा वर्कशॉपच्या फाटकाशी खाली बसले आणि उठले नाहीत. त्याबद्दल मला याहून जास्त लिहिता येत नाही.

दहाव्याला आम्ही नदीवर गेलो. मला भाऊ नाही म्हणून अंबूआत्याचा मुलगा हिंदुराव विधीला बसला. पिंड ठेवले, वर मटणाचा तुकडा ठेवला, विडी ठेवली, आणि सगळे मागे सरकून कावळ्याची वाट बघू लागले. कावळा शिवला की माणूस सुटला. नाही शिवला तर त्याचं काहीतरी राहिलंय, आणि ते मागच्यांनी ओळखून, तोंडानं बोलून कबूल करायचं. मी या विषयावर बरंच वाचलं आहे. घाटावर त्याचा काही उपयोग नसतो.

कावळे होते. बाभळीवर भरपूर होते. एकही खाली येईना.

हिंदुराव पुढं झाला, हात जोडले. "मामा, इंदूची काळजी करू नका. आम्ही हाय." कावळ्यांनी ऐकून घेतलं.

मग ज्याला जे सुचेल ते बोलू लागला. कादरभाई मागे, रुमाल डोक्याला बांधून उभे होते. तेही म्हणाले, "ज्योतीरामभाऊ, दुकानापुढचा बाक तुमचाच राहील. दुसऱ्याला बसू देणार नाही." मग जरा विचार करून म्हणाले, "रविवारी तरी."

भटजींना पुढं बोपोडीला दुसरं काम होतं. त्यांनी पिशवीतून दर्भ काढला. "दर्भाचा कावळा करू. शास्त्रात आहे."

"गवताचा कावळा?" आत्या उसळली. "माझ्या भावाला गवताच्या कावळ्यावर वाटंला लावता व्हय? न्हाई चालायचं. त्याचं ते ल्हासा अडकलंय, दुसरं काय! भैरू, तुज्यामुळं हाय हे सगळं. जलमभर खोटं म्हनलास त्याला. चल, हो म्होरं."

"मावशी, मी आपला गमतीनं..."

"गमतीनं म्हनलास, आता खऱ्यानं बोल."

भैरू पुढं गेला. सबंध दापोडीत त्याचा आवाज मोठा, पण आता तोंडातल्या तोंडात पुटपुटला.

"कावळ्याला ऐकू आलं पायजे," आत्या म्हणाली.

"ज्योतीराम!" भैरू एकदम ओरडला. "गेला होतास तू ल्हासाला! मान्य! कबूल! सोन्याची छपरं, सगळं कबूल!" आणि तो मोठा माणूस उपरण्यात तोंड घालून रडायला लागला.

एक कावळा खालच्या फांदीवर आला. पिंडाकडे बघितलं, भैरूकडे बघितलं, आणि पंख न हलवता तिथंच बसून राहिला.

भटजी दर्भाला गाठ मारू लागले. आत्या माझ्याकडे वळली. माझा दंड तिनं धरला, नेहमीसारखा जोरात नाही.

"इंदे, तू बोल की. तुज्याकडंच बघायचा तो दर खेपेला. मी काय आंधळी हाय? काय राह्यलं असंल ते तुला ठावं."

मला ठाऊक होतं. सगळा बोळ तिथं जमला होता, चिमाजीराव निघोज्याहून आले होते, आणि मी खरं बोलले असते तर एका वाक्यात बाबांचं ल्हासा नदीत बुडालं असतं. खोटं मला बोलता येत नाही, असा माझा लौकिक होता. मी पदर सावरला आणि पुढं गेले. नदी संथ होती. पिंडाच्या भाताला मुंग्या लागायला लागल्या होत्या.

मी हळू बोलणार होते. आवाज मोठाच निघाला.

"बाबा," मी म्हणाले, "ल्हासाला मीही होते तुमच्याबरोबर. दर रविवारी होते. तुमच्या मागून चालत होते. हाक मारली असती तर तुम्ही थांबला असता, म्हणून मारली नाही."

मागं कोणीतरी दुसऱ्याला विचारलं, "ही कधी गेली होती?" आत्यानं त्याला गप्प केलं.

"फार मजा आली, बाबा," मी म्हणाले. "मला फार मजा आली."