जळबा मिरवणुकीत नव्हता

खंडपीठाच्या बाहेरच्या बाकावर आकांक्षाला बसवत नव्हतं. उठायची, जिन्यापर्यंत जायची, परत यायची. तिचा चुलतभाऊ जळबा मात्र डबा उघडून निवांत भाकरी खात होता. याला काही वाटतं की नाही, असा तिला राग आला, आणि लगेच स्वतःचाच आला.

कारण घोळ तिनंच घातला होता. गेल्या भीमजयंतीला तिच्या लाठीकाठीच्या पथकानं शिरड शहापुरात मिरवणूक गाजवली होती. एकसारखे निळे सदरे, हातात लाठ्या. तिनं हौसेनं रील टाकली आणि सगळ्या पोरापोरींना टॅग केलं. जळबा तर त्या दिवशी जवळा बाजार गावी आपल्या दुकानात होता. पण नाव नाही दिसलं तर फुगून बसेल, म्हणून त्यालाही केलं. इंस्टाग्रामवर डोळा ठेवणाऱ्या पोलिसांना त्यात टोळी दिसली. टॅगवरून नावं उचलून त्यांनी ती टोळ्यांच्या यादीत घातली. गुन्हा नाही, नोटीस नाही. तेव्हापासून सण आला की जळबाला ठाण्यात नेऊन बसवतात.

आणि पोलीस भरतीत निवड झालेली आकांक्षा चारित्र्य पडताळणीत त्याच यादीपायी अडकली. मग तिनं सगळ्यांच्या वतीनं याचिका केली.

आज सरकारी वकिलांचा निरोप आला. तिच्या वकील सरिताताईंनी तो काही न लपवता सांगितला. याचिका मागं घेतली तर आकांक्षाचं एकटीचं नाव काढतील, नेमणूकही मिळेल. लढायचं तर तारखा पडत राहणार, जागा थांबणार नाही. पुकारा व्हायच्या आत सांग, म्हणाल्या.

रस्त्यावर धावून धावून मिळवलेली वर्दी होती ती. आकांक्षाला ती फार हवी होती.

जळबानं हात पुसले. "घेऊन टाक तू. मला काय, ठाण्यात जाऊन बसायचं. सवय झाली आता."

ती सवय तिला झोंबली.

"अन् मला बंदोबस्ताला लावलं तर?" ती म्हणाली. "जयंतीच्या आदल्या दिवशी तुला घरून उचलायला मीच यायचं व्हय?"

जळबा डब्याचं झाकण लावत राहिला. ते काही केल्या बसेना.

पुकारा झाला. सरिताताईंनी तिच्याकडं पाहिलं. आकांक्षानं ओढणी सारखी केली.

"समदी नावं वाचा ताई," ती म्हणाली. "दादाचं आधी वाचा. त्यो तर मिरवणुकीत बी नव्हता."