मेणात राहिलेली चमेली

बायकोला कर्करोग आहे, हे दवनीवाड्याच्या बिसनलालला २००४ साली कळले. ते माझ्यामुळे कळले. मित्रांनो, मी प्रयोगशाळेतला एक जुना मेणाचा ठोकळा आहे. माझ्या पोटात त्याच्या बायकोच्या, चमेलीच्या, गर्भाशयाच्या तोंडाचा डाळीएवढा तुकडा आहे.

तो तुकडा औषधात भिजवला, त्यातले पाणी काढले आणि गरम मेण भरले. असा मी झालो. मग माझे पातळ काप काढून काचेवर रंगवले. "काप छान निघाले," असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझे कौतुक तेवढेच. धानाची रोवणी संपायच्या आत चमेली गेली.

दहाव्याच्या आधी बिसनलाल आला. त्याच्या घरी माणूस वैनगंगेला पुरता द्यायचा, अशी रीत.

"अस्थी नेल्या जी, पण हा तुकडा इथंच राहिला. तो द्या जी."

सोबत आलेला त्याचा भाऊ केशोराव चिडला. "बायको गेली, अन तू मेण मांगून राहिला का?"

"हो, मांगून राहिलो. तुले काय करायचं?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बिसनलालभाऊ, राहू द्या. हिलाच का झालं, ते शोधू. कळलं की आधी तुम्हाला सांगू आणि तुकडा परत देऊ."

तो विचारात पडला. शेजारची शामकला गावभर सांगत होती, की चमेलीच्याच वागण्यात काही वाकडे असेल. तिला द्यायला त्याच्याकडे उत्तर नव्हते. म्हणून त्याने मला तिथेच राहू दिले.

पुढे दरवर्षी धान कापून झाले की तो यायचा. बाईंची बदली झाली होती. प्रयोगशाळेतला खुशाल नावाचा कामगार हसायचा. "अरे भाऊ, इथं हजारो ठोकळे आहेत. तुमची चमेली कोणती? तिलाच आवाज द्या!"

एका वर्षी बिसनलालने खरोखर आवाज दिला. "चमेली!" खुशालचे हसू थांबले. ओ द्यायला मला तोंड नाही. त्यानंतर बिसनलाल आला नाही.

२०११ साली मला मोठ्या शहरात नेले. तिथे उत्तर सापडले. चमेलीला हा रोग एका विषाणूमुळे झाला. तो कितीतरी संसारी बायकांच्या अंगात शिरतो. बहुतेकींचे शरीर त्याला काढून टाकते. त्यात कोणाचे काही वाकडे नसते. या विषाणूची काही प्रथिने आपल्या पेशींची बेसुमार वाढ रोखणारे पहारेकरी निकामी करतात. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ समजा. चमेलीच्या विषाणूच्या अशा एका माळेत एक मणी वेगळा निघाला. त्या बदलामुळे विषाणू अंगात जास्त टिकला असावा आणि रोगाला हातभार लागला असावा. नक्की म्हणता येत नाही. पण बिसनलालला एवढेही पुरले असते.

हे सभागृहात वाचून दाखवले. टाळ्या पडल्या. चमेलीचे नाव कोणी घेतले नाही, कारण माझ्यावर फक्त आकडा आहे. मला परत खणात टाकले.

मित्रांनो, मोठे होऊन तुम्हीही असे शोध लावा. पण शब्द देऊन ज्याच्याकडून घेतले, त्याच्या दारी आधी जा. तो माणूस तुमच्या भरवशावर गावाचे बोलणे ऐकत बसलेला असतो. मला फसवले असते तर चालले असते, मी मेण आहे. त्याला फसवले.

दवनीवाड्याला अजून कोणी गेलेले नाही.